पाहुण्याचे डोळे

स्वित्झर्लंडांत आइनझीडेल्न गांवाजवळ झीलझे नांवाचा विस्तीर्ण तलाव आहे. परदेशी प्रवाशाला तो निसर्गनिर्मितच वाटतो. वस्तुतः रेल्वेला वीज हवी म्हणून १९३७ सालीं नदी अडवून, शेतें व घरें पाण्याखालीं घालून तो भरण्यांत आला. हें ठाऊक नसतां झालेला आनंद खोटा म्हणावा काय?

मला तसें वाटत नाहीं. पाण्याचा निळेपणा खरा, डोळ्यांचें सुखही खरें. खोटी असते ती स्तुति. ‘निसर्गाची देणगी’ हे शब्द आपण किती सहज उच्चारतों! येथें देणारीं माणसें होतीं आणि घेणारी आगगाडी. अर्थात् त्याच आगगाडींत बसून प्रवासी तेथें जातो, तेव्हां तोही अगदींच अलिप्त नव्हे. पण चार दिवसांच्या पाहुण्याकडून हिशेब मागणें कठोरपणाचें होईल.

पारशिवनी तालुक्यांत नवेगाव खैरीच्या जलाशयावर सुटीच्या दिवशीं येणाऱ्या नागपूरकराला मात्र ही सवलत कशी द्यावी? पेंच नदीचें हेंच पाणी त्याच्या शहराच्या नळांना येतें. पाहुणा म्हणून तो काठावर उभा असतो, पण नातें ऋणकोचें असतें. काठच्या एखाद्या शेतकऱ्यानें विचारपूस केली, तर ‘सहज पाहायला आलों’ हें उत्तर त्याच्या तोंडीं मला तरी शोभत नाहीं.