कॅमेऱ्यावरची टीका माणसाला का झोंबते?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका मराठी घरातलं हे बोलणं. भाची लग्नांचे आणि नवरात्रात गरब्याचे फोटो काढते. मामांनी आयुष्यभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं.

भाची : मामा, मी पेचात पडलेय. माझ्या कामातल्या जोडीदाराने हप्त्यांवर नवा कॅमेरा घेतला. गरब्याला आम्ही एकाच मैदानावर होतो. त्याच्या कितीतरी फोटोंत गिरकी घेणाऱ्या मुलीचा चेहरा पुसट आणि मागची दिव्यांची माळ लख्ख! मी एवढंच म्हटलं, की कमी उजेडात याचा ऑटोफोकस अडखळतो. तो असा भडकला, की अजून धड बोलत नाही.

मामा : तू ऑटोफोकसबद्दल बोललीस. त्याने काय ऐकलं?

भाची : ‘तुला घेताना कळलं नाही,’ असं ऐकलं असेल.

मामा : तेच तर. १९५६ साली जॅक ब्रेम या मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग केला. बायकांना घरगुती उपकरणांना गुण द्यायला सांगितले, मग दोनांतलं एक निवडून घरी न्यायला सांगितलं. थोड्या वेळाने पुन्हा गुण मागितले, तर निवडलेल्या वस्तूचे वाढले आणि नाकारलेलीचे घटले. वस्तू त्याच होत्या, मध्ये फक्त निवड झाली होती. एकदा निवड केली, की ती बरोबर होती हे मन स्वतःलाच पटवत राहतं.

भाची : पण कॅमेऱ्याचं दुखणं त्याहून खोल आहे. मिक्सर पटला नाही तर पुढचा दुसऱ्या कंपनीचा आणता येतो. कॅमेऱ्यात लेन्स बसते तो माउंट बहुतेक कंपन्यांचा वेगळा. निकॉनचा एफ माउंट १९५९चा, कॅननचा ईएफ १९८७चा. २०१८मध्ये दोघांनीही मिररलेस कॅमेऱ्यांसाठी नवे माउंट आणले. कंपनी बदलायची म्हणजे बॉडीबरोबर लेन्सा, फ्लॅश, सगळं पडत्या भावात विकायचं. एका बॉडीला नाव ठेवलं, की माणसाची सगळी जुळवाजुळव हलते.

मामा : मग त्याला हट्टी म्हणण्याआधी त्याचा हप्ता डोळ्यांसमोर आण. ‘अरे, वस्तूच तर आहे,’ हे ज्याचं पोट त्या वस्तूवर नाही त्याने म्हणणं सोपं असतं.

भाची : म्हणून गप्प बसू? लग्नाचा हंगाम तोंडावर आलाय. हार घालतानाचा फोटो हुकला तर नवरा-नवरीला पुन्हा उभं करता येत नाही. माझ्या भिडेपायी त्यांचं नुकसान होईल.

मामा : गप्प बसू नकोस. पण आधी सांग, ‘अडखळतो’ म्हणालीस ते कोणत्या कामात?

भाची : गरब्यात, रात्री. शटर एक छेद अडीचशेच्या खाली आणलं तर घागरा-ओढणी सगळं हलतं. मग सेन्सरची संवेदनशीलता, म्हणजे आयएसओ, ६४००पर्यंत चढवावी लागते. माझ्या फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर, त्याचा एपीएस-सी साधारण २३.५ बाय १५.६. म्हणजे क्षेत्रफळ निम्म्याहूनही कमी. रात्री हे चित्रात दाणेदार दिसतंच, वर त्याचा फोकसही चुकतो.

मामा : आणि तोच कॅमेरा भर दुपारी चांपानेरला नेला तर?

भाची : तिथल्या मशिदींची कोरीव जाळी उत्तम येईल. डभोईजवळच्या वढवाणा तलावावर पक्षी टिपायला तर माझ्यापेक्षा त्याचाच बरा. त्याच लेन्सने पक्षी चौकटीत मोठा मिळतो आणि वजनही कमी.

मामा : म्हणजे तुझं वाक्य अर्धंच होतं. ‘कॅमेरा कमी पडतो’ म्हटलं की निकाल माणसावर लागतो. ‘रात्रीच्या गरब्याला कमी पडतो’ म्हटलं की बोलणं कामावर येतं.

भाची : तो म्हणेल, कॅमेऱ्यात काय आहे, नजर लागते! इथलेच ज्योती भट्ट घ्या. गावोगावच्या भिंतींवरची चित्रं, अंगणातल्या रांगोळ्या त्यांनी टिपून ठेवल्या. ते फोटो पाहताना कोण विचारतं, कोणत्या कॅमेऱ्याने काढले?

मामा : कोणी विचारत नाही, खरंय. पण दादासाहेब फाळके आठव. आपल्या इथल्या कलाभवनात ते शिकले. १९१२ साली विम्याची पॉलिसी गहाण टाकून लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. यंत्र गौण असतं, तर एवढी जोखीम कशाला पत्करली असती? नजर हवी आणि कॅमेराही हवा. घोटाळा होतो तो ही वाक्यं ढालीसारखी वापरली की. आपला कॅमेरा उणा निघाला की आपण नजरेची थोरवी गातो, आणि दुसऱ्याचा उणा निघाला की सेन्सर मोजायला बसतो.

भाची : मग त्याच्याशी बोलू कशी?

मामा : सुरुवात स्वतःच्या कॅमेऱ्यापासून कर. त्याचं काय खटकतं?

भाची : जड आहे. रात्रभर गळ्यात राहिला की मान धरते. बॅटरीही भरभर उतरते, गरबा रंगात आला की नेमकी बदलावी लागते.

मामा : हे त्याला सांग. आपल्या वस्तूचा दोष स्वतःच्या तोंडाने सांगता आला, की समोरच्यालाही सांगायला जागा मिळते.

भाची : आणि तरीही नाही पटलं तर?

मामा : फाळके परतले तेव्हा त्यांच्या चित्रपटावर पैसे लावायला कोणी सहज तयार नव्हतं. ते वाद घालत बसले नाहीत. कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, रोपाची वाढ एकेका फ्रेमने टिपली आणि तो छोटा चित्रपट दाखवला. त्यावर भांडवल मिळालं आणि १९१३ला ‘राजा हरिश्चंद्र’ आला.

भाची : मग मीही तेच करते. लग्नाआधी त्याला हॉलवर बोलावते, दिवे मंद ठेवून दोन्ही कॅमेऱ्यांनी तोच प्रसंग काढू. फोटो शेजारी शेजारी ठेवून त्यानेच ठरवावं. गरज पडली तर हाराच्या वेळी माझा कॅमेरा आणि लेन्स त्याच्या हातात देईन.

मामा : एवढं देण्याची तयारी असेल, तर तुला बोलायचा हक्क आहे. टीका करणाऱ्याने आधी काम विचारावं, मग दोष सांगावा. आणि ज्याच्या कॅमेऱ्यावर टीका झाली त्याने उत्तर फोटोतून द्यावं.