रंग आणि भोवरा



बँकेत नवा क्लार्क होतो. कोपरगावच्या एका टांगेवाल्याने घोड्यासाठी कर्ज घेतलेले. कागदावर वर्णन होते : रंग काळपट करडा, कपाळावर भोवरा. काही वर्षांनी पाहणीला गेलो, तर दारात पांढराशुभ्र घोडा! ‘तारण घोडा परस्पर विकला’ असा शेरा मारून मी मोकळा झालो. टांगेवाले बाबा एवढेच म्हणाले, “साहेब, तुमचे केस काय काळेच राहणार का?”

जनावरांच्या डॉक्टरांनी घोड्याचे केस बाजूला सारून दाखवले. खालची कातडी काळीच. भोवराही जागच्या जागी. असे घोडे गडद रंगाचे जन्मतात आणि वयाबरोबर पांढरे होत जातात. यामागचा जनुकातला बदल स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी २००८ साली शोधला. माझा शेरा खोडला गेला. पण महिनाभर लोक बाबांना लबाड म्हणत होते, ते कसे खोडणार?

यंदा नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला गेलो. काउंटरवरचा मुलगा माझा जुना फोटो आणि मला आळीपाळीने बघत राहिला. तेव्हा तो घोडा आठवला. भोवरा कागदावर लिहिलेला होता, मी फक्त रंग पाहिला होता. माणसांच्या बाबतीतही आपण हेच करतो. शेरा मारण्याआधी क्षणभर थांबण्याची बुद्धी महाराजांनी द्यावी, एवढेच मागणे.