रिमोट उघडावा की नवा घ्यावा?

टीव्हीचा रिमोट बिघडला की बहुतेक घरांत आधी तेच विधी होतात. कोणी तो तळहातावर आपटतं. कोणी सेल काढून, त्यांची जागा बदलून, पुन्हा घालतं. कोणी सेल दाताने चावून पाहतं. आवाजाचं बटण तर अंगठ्याचं नख पांढरं होईपर्यंत दाबलं जातं. एवढं करूनही चालला नाही की प्रश्न येतो : उघडायचा की नवा आणायचा?

पोंभुर्ण्यासारख्या गावात याचं उत्तर बहुधा लगेच मिळतं. "कायले खोलून राहिला बे? दीडशे रुपयात नवा भेटते." हे सांगणारा खोटं बोलत नसतो. दुरुस्तीच्या दुकानातही हेच ऐकायला मिळतं, कारण रिमोट उघडून, साफ करून, पुन्हा बसवण्यात दुकानदाराचा अर्धा तास जातो आणि त्या अर्ध्या तासाचे पैसे द्यायला गिऱ्हाईक तयार नसतं.

प्रश्न फुटकळ वाटतो, पण त्याच्या पोटात दुसरा प्रश्न आहे. जी वस्तू रोज हातात होती, तिच्याबद्दल आपलं काही कर्तव्य असतं का? की पैसे मोजले, वापरली, बिघडली, संपलं?

आधी आत काय आहे ते पाहू. कारण या प्रश्नावरची बरीचशी मतं रिमोट एकदाही न उघडता बनलेली असतात.

रिमोटच्या टोकाला एक छोटा एलईडी असतो. तो अवरक्त प्रकाश फेकतो. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण फोनच्या कॅमेऱ्याला बहुतेक वेळा दिसतो. सेल्फी कॅमेऱ्यासमोर रिमोट धरून बटण दाबा. पडद्यावर जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकला तर सेल आणि एलईडी ठीक आहेत. काही बटणांवर ठिपका दिसतो आणि काहींवर नाही, तर दुखणं त्या बटणांचं आहे. कोणत्याच बटणावर दिसला नाही, तर सेलपासून सुरुवात करायची. आता उघडायचा. सेलच्या जागेत एखादा स्क्रू लपलेला असतो. नसेल, तर दोन्ही कवचं नुसती खाचांत अडकवलेली असतात. जुनं एटीएम कार्ड फटीत घालून कडेकडेने सरकवलं की टकटक आवाज करत ती सुटतात.

आत एक सर्किट बोर्ड आणि त्यावर बटणांची रबरी चादर असते. प्रत्येक बटणाच्या पोटाला एक काळी टिकली दिसते, ती कार्बनची. बटण दाबलं की ही टिकली बोर्डावरच्या, दोन कंगवे एकमेकांत घातल्यासारख्या रेघांना टेकते आणि वीज जायला वाट मिळते. कोणतं बटण दाबलं ते चिपला कळतं. त्या बटणाचा संकेत ती एलईडीतून पाठवते, सेकंदाला साधारण 38 हजार वेळा लुकलुकणाऱ्या प्रकाशाच्या तुकड्यांमधून. टीव्ही नेमकं तेवढंच लुकलुकणं ओळखतो, म्हणून खिडकीतून आलेल्या उन्हाने चॅनेल बदलत नाही.

बिघाडही मोजकेच असतात. बोर्डावर घाम, तेल आणि धुळीचा चिकट थर बसतो. स्पिरिट लावलेल्या कापसाने तो निघतो. जास्त वापरातल्या बटणांचा कार्बन झिजतो. म्हणून आवाज आणि पॉवर आधी जातात, आणि कधीच न लागणारी बटणं शेवटपर्यंत ठणठणीत राहतात. झिजलेल्या टिकलीवर ॲल्युमिनियम फॉइलचा बारीक तुकडा चिकटवला तर बटण पुन्हा बोलू लागतं. सेल गळून स्प्रिंगवर पांढरी-हिरवी पूड धरते. ती खरवडून काढावी लागते. रिमोट पडून पडून एखादा सांधा सुटला असेल तर मात्र सोल्डरिंग लागतं, आणि चिपच गेली असेल तर विषय संपला. ती काळ्या राळेच्या थेंबाखाली बुजवलेली असते.

म्हणजे बहुतेक वेळा काम कापूस, स्पिरिट आणि थोडा धीर यांचं आहे. तरीही आपण ते का करत नाही?

पहिलं कारण हिशोबाचं. तो नीट मांडू. 2025-26 मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची मजुरी दिवसाला 312 रुपये होती. आठ तासांनी भागलं तर तासाला 39 रुपये. रिमोट दीडशेचा धरला तर तो या मजुराला जवळपास चार तासांच्या घामाला पडतो. तासभर बसून तो दुरुस्त केला तर त्याचा फायदाच आहे. पुण्यात बसून तासाला पाचशे रुपये कमावणाऱ्याचं मात्र त्याच एका तासात नुकसान होतं. दोघांचा हिशोब आपापल्या जागी बरोबर आहे.

आणि नेमकी इथेच अडचण आहे. केवळ हिशोबावर गेलं तर दुरुस्ती हे गरिबाचं काम ठरतं, आणि जसजसा पैसा येतो तसतसं त्यातून सुटका होते. मग चिकटपट्टी लावलेला, रबर-बँडने बांधलेला रिमोट पाहुण्यांसमोर लपवावासा वाटतो. दुरुस्त केलेली वस्तू म्हणजे परिस्थितीची जाहिरात, अशी भावना आपल्या मनात घर करून बसते. पण एखादं कृत्य योग्य की अयोग्य हे करणाऱ्याच्या पगारावर ठरत असेल, तर तो हिशोब झाला, नीती नव्हे.

शिवाय हिशोबात एक आकडा गाळलेला असतो. वस्तूची किंमत वेगळी आणि तिचा खर्च वेगळा. हा फरक चंद्रपूर जिल्ह्यातल्या माणसाला पुस्तकातून शिकावा लागत नाही. चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता 2920 मेगावॅट आहे. तिथली वीज तारांवरून दूरदूरच्या शहरांत जाते; कोळशाची धूळ आणि राख इथेच राहते. दूरच्या शहरातल्या विजेच्या बिलात इथल्या माणसाच्या खोकल्याची रक्कम नसते. ‘स्वस्त’ याचा अर्थ अनेकदा एवढाच असतो, की उरलेले पैसे दुसऱ्या कोणी भरले.

दीडशेच्या रिमोटचंही तेच आहे. त्याचं प्लॅस्टिक, तांबं, कथील, चिप कुठल्या तरी जमिनीतून आणि कोणाच्या तरी हातून आलं आहे. फेकल्यावर तो कुठे जातो? मोठ्या शहरात निदान कचरा नजरेआड होतो. गावात तो घरामागच्या ढिगात जळतो, नाहीतर पावसाळ्यात नाल्याने वाहत जातो. ई-कचऱ्याचे नवे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू झाले आणि त्यांत विकलेल्या मालाच्या कचऱ्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. पण त्या जबाबदारीचा हात गावातल्या उकिरड्यापर्यंत पोचायचा आहे. तोपर्यंत आपण वाचवलेल्या त्या तासाचं बिल उकिरड्याशेजारी राहणाऱ्याच्या नावावर जातं.

दुसरं कारण मालकीचं आहे. एखादी वस्तू ‘माझी’ आहे म्हणजे काय? पावती माझ्या नावाची, एवढंच? याचं उत्तर शोधायला गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावी जाऊ. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली या गावाला 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. कागद हातात आला, पण आपल्या जंगलातला बांबू विकायला काढायचा तर वाहतूक परवाना लागतो, आणि तो देणं वन विभागाच्या हाती होतं. गाव अडून राहिलं. अखेर एप्रिल 2011 मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. त्या दोन वर्षांत गावाकडे हक्क होता, पण तो वापरायची किल्ली दुसऱ्याकडे होती.

जंगल आणि रिमोट यांची बरोबरी करायची नाही. एक जगण्याचा प्रश्न आहे, दुसरा सोयीचा. पण अर्धी मालकी कशी दिसते ते दोन्हीकडे दिसतं. आज आपण पैसे मोजून घेतलेल्या कितीतरी वस्तूंची किल्ली आपल्याकडे नसते. फोनची बॅटरी गोंदाने चिकटवलेली असते, स्क्रू असे असतात की गावातला पेचकस चालत नाही, सुटे भाग कंपनीच्याच केंद्रात मिळतात, आणि ती केंद्रं चंद्रपुरात नाहीतर नागपुरात. यावर जगभर बोललं जातंय. फ्रान्सने 2021 पासून काही उपकरणांवर, ती किती दुरुस्त करता येतील याचे दहापैकी गुण छापणं सक्तीचं केलं. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’वर समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्यासाठी संकेतस्थळ सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही त्यातली मुख्य क्षेत्रं आहेत.

विदर्भाला हा विचार नवा नाही. वर्ध्याशी ज्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं त्या गांधीजींच्या चरखा संघाने 1929 मध्ये सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. अटी पाहण्यासारख्या आहेत : किंमत 150 रुपयांच्या आत, खेड्यातल्या झोपडीत चालवता यावा, आणि नीट निगा राखली तर वीस वर्षं टिकावा. यंत्र किती सूत काढतं याइतकंच ते वापरणाऱ्याच्या हातात राहतं का, हेही त्यांना महत्त्वाचं वाटत होतं.

पण कायदे आणि कंपन्यांकडे बोट दाखवून रिमोटच्या बाबतीत आपली सुटका होत नाही. रिमोट उघडायला आपल्याला कोणी अडवलेलं नाही. मग अडतं कुठे?

मला वाटतं, तिसरं कारण सगळ्यात खोल आहे आणि ते आपल्या समाजाचं आहे. हाताने जोडणं, शिवणं, सांधणं हे काम आपण पिढ्यानपिढ्या ठरावीक जातींवर टाकलं. टोपली बुरडाने विणायची, चप्पल चांभाराने शिवायची, विळ्याला धार लोहाराने लावायची. आणि काम लागायचं सगळ्यांना, पण मान करणाऱ्याला नाही. जो वर, त्याचे हात स्वच्छ. घरातली दुरुस्ती बायकांकडे : झिजलेल्या सुपाला मेथी-कागदाचा लगदा लावणं, जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणं. त्याला कोणी कौशल्य म्हटलं नाही. आज शिकलेला तरुण रिमोट उघडायला कचरतो तेव्हा त्यात वेळेचा प्रश्न थोडा असतो. ‘हे आपलं काम नाही’ हे जुनं वाक्य त्यामागे जास्त असतं. परीक्षेत ओहमचा नियम लिहिणाऱ्याला आपल्याच घरातल्या रिमोटमध्ये कार्बनची टिकली कशासाठी आहे ते माहीत नसतं, आणि त्याची त्याला खंतही वाटत नाही.

आता विरुद्ध बाजू. ‘जुगाडा’चं कौतुक फार झालं, असं कोणी म्हणालं तर ते खरं आहे. ज्याच्याकडे पर्याय नाही त्याच्या तडजोडीला कल्पकता म्हणून टाळ्या वाजवणं हा क्रूरपणाच आहे. दिवसभर धानाच्या बांधीत वाकून आलेल्या बाईला ‘रिमोट दुरुस्त करणं ही नीती आहे’ असं कोणी सांगू नये. तिने नवा घेतला तर तो तिचा आराम आहे आणि तो तिने कमावलेला आहे. दुसरं, सगळंच उघडायचं नसतं. जुन्या डब्बा टीव्हीच्या पिक्चर ट्यूबमध्ये प्लग काढल्यावरही जीवघेणा दाब उरलेला असू शकतो, मायक्रोवेव्हचंही तसंच, फुगलेल्या फोन-बॅटरीला हात लावू नये. तिसरं, सगळे घरीच दुरुस्त करू लागले तर दुरुस्तीच्या दुकानाचं काय? याचं उत्तर उलटं आहे. ज्याने एकदा स्वतः रिमोट उघडला, बारीक स्प्रिंग पलंगाखाली शोधली, कवच उलटं बसवून पुन्हा काढलं, तो कारागिराच्या पन्नास रुपयांवर घासाघीस करत नाही. त्या पन्नास रुपयांत काय असतं ते त्याला कळलेलं असतं.

म्हणून मी कर्तव्य फार मोठं सांगत नाही. प्रत्येक वस्तू दुरुस्त केलीच पाहिजे असं नाही; ते शक्यही नाही. पण ज्याच्याकडे दहा मिनिटं आहेत आणि जिथे धोका नाही, तिथे फेकण्याआधी एकदा उघडून पाहावं. दुरुस्त झाला तर उत्तम. नाही झाला, तरी आपण काय फेकतोय ते आपल्याला कळलेलं असेल : हा भाग झिजला, हा गळला, हा अजून चांगला आहे. मग सेल वेगळे काढता येतात, स्प्रिंग आणि एलईडी डब्यात ठेवता येतात, आणि उरलेलं उकिरड्यावर न टाकता ई-कचरा घेणाऱ्याला कधीतरी देता येतं. न उघडता फेकणारा यातलं काहीच करू शकत नाही, कारण त्याच्या लेखी ती वस्तू म्हणजे बटणं असलेला एक काळा ठोकळा असते.

आपल्या पिढीच्या हातात याहून कितीतरी बंद वस्तू आहेत. फोन, ॲप, कर्जाचे करार, मतदार यादीपासून रेशनपर्यंतच्या ऑनलाइन व्यवस्था. त्या चालेनाशा झाल्या की आपण तेच करतो : आपटतो, पुन्हा चालू करतो, आणि नाही चाललं तर गप्प बसतो. ‘आत काय आहे ते पाहू’ असं म्हणण्याची सवय एका दिवसात लागत नाही. ती जिथे चूक झाली तर दीडशे रुपयांहून जास्त नुकसान होणार नाही अशा ठिकाणी लावून घ्यावी. बिघडलेला रिमोट त्यासाठी बरा आहे.