पुढच्या मालकाचे तेल

मोटारीच्या गिअरबॉक्समधले तेल बदलायला काय खर्च येतो, हा विषय दिवाळी अंकाच्या पानांवर शोभत नाही, असे कुणी म्हणेल. मला मात्र तो नीतीचाच विषय वाटतो. मनुष्य कशावर पैसे खर्च करतो यापेक्षा कशावर खर्च करण्याचे टाळतो, यावरून त्याची ओळख अधिक नेमकी पटते. आणि टाळता येण्याजोग्या खर्चांत या तेलाचा नंबर फार वरचा आहे.

आधी रोकडा हिशेब. हाताने गिअर टाकायच्या लहान गाडीला २ ते अडीच लिटर तेल लागते. साध्या गॅरेजात मजुरी धरून हजार-दीड हजारात, फार तर २ हजारांत काम उरकते. ऑटोमॅटिक गाडीचे प्रकरण निराळे. तिचे तेल महाग आणि लागतेही जास्त. शिवाय खालचे बूच काढले तरी जुने तेल सगळे बाहेर पडत नाही, बरेचसे आतच अडकून राहते. ते यंत्र लावून धुऊन काढायचे म्हटले की बिल ७-८ हजारांपासून पुढे जाते. आणि न बदलता पेटी बिघडली, तर दुरुस्ती लाखाच्या घरात जाऊ शकते. एवढे ऐकल्यावर कोणीही शहाणा मनुष्य म्हणेल, बदलावे तेल! पण पुष्कळ लोक बदलत नाहीत, आणि ते काही मूर्ख नसतात.

इंजिनाचे तेल वर्षाकाठी बदलावे लागते; काळे झालेले डोळ्यांना दिसते. गिअरबॉक्सचे तेल तसे नाही. ते ६०-७० हजार किलोमीटर निमूट काम करीत राहते. उष्णतेने ते हळूहळू जुने होते, दातांचा बारीक चुरा त्यात मिसळत जातो. आमच्याकडे वैशाखात पारा ४४-४५ला टेकतो, तेव्हा तेलाचे वयही माणसाच्या वयासारखेच भराभर वाढत असणार. तरी गाडी कुरकुरत नाही. कुरकुरू लागते तेव्हा ती बहुधा दुसऱ्याच्याच दारात उभी असते.

हे दुसऱ्याचे दार म्हणजे पुष्कळदा आमचे. नागपूर-रायपूरच्या नोकरदाराने ५-६ वर्षे वापरून काढलेली गाडी आमगाव, तिरोडा, देवरी या बाजूला येते. कुणी ती लग्नसराईत भाड्याने चालवतो, कुणी धानाच्या पैशांतून हौसेने घेतलेली असते. पहिल्या मालकाने ८ हजार वाचवले असे आपण म्हणतो. पण ते वाचलेले नसतात. ते गाडीबरोबर इकडे आलेले असतात आणि आता त्यांचे लाख व्हायची वाट पाहत असतात.

जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचाच दाखला घेऊन एक निबंध लिहिला. २००१ साली इतर दोघांसमवेत त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, विकणाऱ्याला गाडीचे आतले ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा चांगल्या-वाईटाचा सरसकट एक भाव देऊ करतो, आणि मग चांगल्या गाड्या बाजारात येईनाशा होतात. तेल बदललेली गाडी आणि न बदललेली गाडी शेजारी उभ्या करा. भाव ठरेल तो रंगावर, टायरांवर आणि सीटकव्हरांवर. तेव्हा हिशेबी मनुष्याने ते ८ हजार सीटकव्हरांवरच घालावेत! त्याचा हिशेब चुकला असे म्हणता येत नाही.

याहून मला राग येतो तो ‘आजन्म तेल’ या कल्पनेचा. काही मोटारकंपन्या सांगतात की, ऑटोमॅटिक पेटीतले तेल गाडीच्या आयुष्यभर पुरते. परंतु अशा पेट्याच बनवणारी जर्मनीतील झेडएफ ही मोठी कंपनी ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरांच्या दरम्यान, किंवा ८ वर्षांनी तरी, तेल बदला असे सांगते. मग आयुष्य कुणाचे? मुलांना व्याकरण शिकवणारा मास्तर म्हणून मी विचारतो, हे विशेषण तेलाचे आहे, गाडीचे आहे, की पहिल्या मालकाच्या हौसेचे?

मात्र सगळ्यांना एकाच काठीने हाकणे बरे नव्हे. ज्याचे पोट भाड्याच्या गाडीवर आहे आणि ज्याला या महिन्यात हप्ता की तेल असा पेच आहे, त्याने हप्ता भरला, तर महिन्याच्या महिन्याला पगार घेणाऱ्या माझ्यासारख्याला त्याला बोल लावण्याचा अधिकार नाही. तो निदान स्वतःचेच नुकसान ओढवून घेतो आहे. ज्याच्यापाशी पैसा आहे, ज्याला मुदत ठाऊक आहे, आणि वर्षभरात गाडी काढायचीच म्हणून जो ‘राहू द्या’ म्हणतो, त्याचा प्रश्न वेगळा. तो खोटे बोलत नाही. त्याला कुणी विचारतच नाही.

आपल्या भोगाला न येणारा खर्च मनुष्य करीतच नाही म्हणावे, तर आमचा मुलूखच उलट साक्ष देतो. भंडारा-गोंदियाकडचे जुने तलाव कोहळी लोकांनी बांधले. नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे सांगतात. बांधणाऱ्याचे नाव राहते. पाळीवर माती टाकणाऱ्याचे आणि गाळ उपसणाऱ्याचे राहत नाही, तरी ते काम पिढ्यान्‌पिढ्या होत आले. १९५१ साली मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. मालगुजारी गेली ते योग्यच झाले. पण गाळ काढण्याचे काम कुणा एकाच्या अंगाला चिकटलेले राहिले नाही, आणि पुष्कळ तलाव उथळ होत गेले. आज त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात. माजी मालगुजारीचे हे लघुरूप. नाव मामाचे, पण भाच्यांकडे पाहायला मामा उरलेला नाही! मालगुजार काही साधुपुरुष नव्हते. या पाण्यावर आपल्याच नातवाचे धान पिकणार हे त्यांना दिसत होते. विकलेल्या गाडीचा वारस कोण, हे आपल्याला दिसत नाही.

मग त्या अनोळखी माणसासाठी ८ हजार द्यावेत काय? देता आले तर उत्तमच. पण तेवढे बंधन मी कुणावर घालणार नाही. बंधन आहे ते सांगण्याचे. ‘मुदत होऊन गेली आहे, तेल बदललेले नाही, तेवढे भावातून कमी करा’, हे वाक्य बोलायला पैसा पडत नाही. तरी जुन्या गाडीच्या सौद्यात मी ते अजून ऐकलेले नाही. कारणही समजण्यासारखे आहे. एक खरे सांगितले की घेणाऱ्याला आणखी दहा गोष्टींचा संशय येतो, आणि गप्प बसलेल्या शेजाऱ्याची गाडी आधी खपते.

इंजिनाचे तेल बदलल्यावर तारीख आणि किलोमीटर लिहिलेली चिठ्ठी पुष्कळ गॅरेजवाले गाडीत डकवतात. गिअरबॉक्सच्या तेलाचीही तशी एक असावी, आणि ती कोरी असली तरी गाडीबरोबर जावी. कोरी चिठ्ठी पाहून घेणारा भाव पाडील. पाडू द्यावा, ते पैसे त्याला लागणार आहेत.