धर्मग्रामाची वेस

'धर्मग्राम' हा शब्द आपण नेहमी वापरतो. त्यात 'ग्राम' आहे, म्हणजे गाव. इंग्लंडमध्ये तर दोन्हींना एकच शब्द आहे, पॅरिश. एका चर्चच्या आधाराने राहणारी वस्ती म्हणजे पॅरिश. १६०१ च्या कायद्याने तेथील गरिबांना सांभाळण्याची जबाबदारी पॅरिशवर आली व त्यासाठी रहिवाशांकडून कर घेतला जाऊ लागला. पुढे १८९४ च्या कायद्याने खेड्यातील पॅरिशचा नागरी कारभार चर्चपासून वेगळा झाला. आपल्या ग्रामपंचायतीसारख्या या छोट्या संस्था तेथे आजही आहेत.

परंतु या इतिहासाला दुसरी बाजू आहे. १६६२ च्या कायद्यानुसार, बाहेरून आलेला गरीब माणूस आपल्यावर भार होईल असे वाटले, तर चाळीस दिवसांच्या आत तक्रार करून त्याला त्याच्या मूळ पॅरिशमध्ये परत धाडता येई. ज्या वेशीने गरिबाला आसरा दिला, तीच दुसऱ्या गरिबाला भिंत झाली.

मग वेस असूच नये का? तसेही म्हणता येत नाही. 'हे आमचे' असे कोणी म्हटल्याशिवाय जबाबदारी कोणी घेत नाही. जे सगळ्यांचे, ते कोणाचेच नसते.

आता आपल्या सातपाटीकडे पाहू. आपल्या पापलेटचे नाव दूरवर आहे. २०२३ साली पापलेट राज्यमासा जाहीर झाला, तेव्हा आपल्याला आनंद झाला. पण जाळे ओढणाऱ्या हातांत परगावच्या खलाशांचेही हात असतात. ज्याचे नाव येथील मतदार यादीत नाही, तो आपल्या ग्रामसभेचा सभासद नाही. हा कायदा आहे आणि तो योग्यही आहे. पण तो खलाशी तापाने फणफणला, तर त्याला दवाखान्यात कोणी न्यायचे? त्यासाठीही यादीच पाहायची का?

पॅरिश हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला, त्याचा अर्थ परक्या मुलखात राहणे असा आहे. म्हणजे मुळात आपणच पाहुणे! शेजारी कोणाला म्हणावे असे शास्त्र्याने विचारले, तेव्हा प्रभू येशूने शेजाऱ्यांची यादी दिली नाही. परक्या शोमरोन्याची गोष्ट सांगितली.

मत कोणी द्यायचे हे यादी ठरवील. माया कोणाला द्यायची हे आपण ठरवायचे आहे. १ जूनला मासेमारी बंद होते व खलाशी आपापल्या गावी जातात. त्याआधी आपल्या आळीतील एका तरी खलाशाचे नाव, गाव आणि घरची खुशाली आपण विचारू या.