गाडी जुनी होती, हे उत्तर नाही

पाना खाली ठेव आणि आधी माझ्याकडे बघ. आयटीआयला डिझेलचं इंजिन तुला मीच शिकवलं, म्हणून आज मी बोलणार आणि तू ऐकणार.

हेड गॅस्केट गेलं म्हणून त्या माणसाने चारशे सात तुझ्याकडे सोडली. पाणी कमी होत होतं, बाकी इंजिन ठणठणीत होतं. तू हेड उतरवलंस, मालकाने न सांगता ऑइल चेंबरही खोललंस, पुसलंस, लावलंस, पैसे घेतलेस. लासलगावहून कांदा भरून वाशीला निघालेली गाडी कसारा घाटात खडखडायला लागली. आज चेंबर उतरवल्यावर स्ट्रेनरच्या जाळीला काय चिकटलेलं निघालं? कॉटन वेस्टचा बोळा! पंपाला ऑइल ओढता येईना, बिग एंडची बेअरिंगं घासली, क्रँकवर नख अडकेल असे चरे पडले. आणि तू मालकाला तोंड वर करून सांगतोस, "काका, गाडी वीस वर्षांची झाली, कधीतरी जाणारच होती."

लाज वाटत नाही? बोळा काय गाडीच्या वयाने आत शिरला?

आपला करार कायदा 1872 चा आहे. त्याचं कलम 151 सांगतं की, दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेतलीस, तर सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी तू घ्यायची. वस्तू नवी की जुनी, यावर ती काळजी कमी होत नाही. उलट जुन्या गाडीला जास्त जपायचं असतं, कारण तिचे पार्ट मिळायला वेळ लागतो आणि बहुतेक वेळा मालकाचं पोट तिच्यावरच असतं.

हिशेबही ऐकून घे. गॅस्केटचा खर्च त्याचा, तो त्याने दिला. क्रँक ग्राइंडिंग, बेअरिंग, ऑइल, पुन्हा इंजिन खोलायची मजुरी, घाटातून टोचन करून आणल्याचे पैसे, हे सगळं तुझं. लायनर आधीच झिजलेले निघाले आणि ते त्याला बदलून हवे असले, तर तेवढा खर्च त्याचा. पण आधी झिजलेले होते हे दाखवणार कसं? गाडी आत घेताना जॉब कार्डवर किलोमीटर, ऑइल प्रेशर, धूर, काहीच लिहिलं नाहीस. मालकाची सही नाही. मग आता "आधीपासूनच होतं" म्हणायला तुला तोंड राहिलेलं नाही.

वर म्हणतोस, नवं बिल भरल्याशिवाय गाडी सोडणार नाही! कलम 170 ने गाडी अडवून ठेवायचा हक्क दिलाय, तो ठरलेलं काम केल्याच्या मजुरीसाठी. स्वतः केलेली नासधूस निस्तरण्याच्या बिलासाठी नाही. तो माणूस पोटापाण्यासाठी स्वतः गाडी चालवतो, म्हणजे कायद्याने ग्राहक आहे. दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ शकतो, आणि एवढ्या लहान कामाच्या तक्रारीला फीसुद्धा लागत नाही. तो गेला तर मी तुझ्या बाजूने उभा राहणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

उद्या सकाळी क्रँक ग्राइंडिंगला टाक. घासलेली बेअरिंगं आणि तो बोळा मालकासमोर ठेव, चूक माझी म्हणून सांग, आणि बिलावर स्वतःचं नाव घाल.