गावाला मार्क कोण देणार?

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी मी शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावर प्रोजेक्ट घेऊन गेले होते. विहिरीची पातळी मोबाइलवर दाखवणारा सेन्सर. एप्रिल महिना. डेमो बघून एक मावशी म्हणाल्या, "पाणी आटलंय ते दिसतंय की आम्हाला, पोरी. टँकर कधी येणार ते यात दिसतं का?"

दिसत नव्हतं. तरी मला चांगले मार्क मिळाले.

याच तालुक्यात तानसा (१८९२), मोडकसागर, भातसा ही धरणं आहेत. मुंबई त्यांचं पाणी पिते. पाऊसही वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर. पण काळ्या पाषाणात पाणी फारसं मुरत नाही, उतारावरून वाहून जातं आणि उन्हाळ्यात पाडे टँकरवर येतात. म्हणजे मावशींना माहिती कमी पडत नव्हती. पाण्यावर त्यांचा शब्द चालत नव्हता. सेन्सरने ते बदलणार नव्हतं.

विद्यार्थ्यांना आधी गरज समजून घ्यायला शिकवणारे लोक आपल्याकडे आहेत. आयआयटी मुंबईचं 'सितारा' हे ग्रामीण तंत्रज्ञानाचं केंद्र १९८५ पासून आहे. तिथले विद्यार्थी गावात राहून पाणी, चुली, शेती यांचा अभ्यास करतात. २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'उन्नत महाराष्ट्र अभियाना'ने हीच पद्धत राज्यातल्या इतर कॉलेजांपर्यंत न्यायचं ठरवलं.

तरी एक प्रश्न मला सोडत नाही. शिकाऊ डॉक्टर पेशंटवरच शिकतो, पण त्याच्या मागे सीनियर उभा असतो आणि पेशंट 'नको' म्हणू शकतो. आमच्या प्रयोगाला गाव 'नको' कसं म्हणणार? पाहुणा आला की आधी चहा ठेवतात. मुरबाडच्या एका वाडीत मी बंद पडलेला सोलर पंप पाहिला. पाटीवर देणगीदाराचं नाव ठळक होतं, दुरुस्तीसाठी फोन कुणाला करायचा ते कुठेच नव्हतं. तो बसवणारे आपापल्या परीक्षेत पासच झाले असणार.

मग विद्यार्थ्यांनी गावात जाऊच नये का? जावं. चुकल्याशिवाय कुणी शिकत नाही. पण चुकीची किंमत एकाने मोजायची आणि मार्कशीट दुसऱ्याने न्यायची, हे मला पटत नाही. सेमिस्टर संपल्यावर ती वस्तू कोण सांभाळणार, हे गावासोबत ठरल्याशिवाय प्रोजेक्ट पूर्ण धरू नये. आणि मार्क देताना गावाचंही मत घ्यावं.

पुढच्या उन्हाळ्यात मी परत गेले, सेन्सर काढून आणायला. मावशींना विचारलं, काय हवं? त्यांनी वही मागितली. टँकर कोणत्या दिवशी आला, किती खेपा झाल्या, हे पाड्यातल्या शाळकरी मुली त्यात लिहू लागल्या. रकाने मी आखून दिले, एवढंच माझं काम. ग्रामसभेत मावशी ती वही घेऊन उभ्या राहिल्या आणि तारखा वाचून दाखवल्या.

या वहीला कॉलेजने एकही मार्क दिला नसता.